पावणेचार डॉलरची गिटार

गिटार शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरांपुढे एलिझाबेथ कॉटन बसली असती, तर पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातातली गिटार काढून घेऊन सुलटी करून परत दिली असती. तिच्या नशिबाने तिला मास्तर मिळालाच नाही. ती डावखुरी होती. घरात होता तो बँजो भावाचा, उजव्या हाताने वाजवायचा. तारा काढून आपल्या सोयीने लावायची चोरी, कारण वाजवणंच मुळी चोरून चाललेलं. मग तिने वाद्यच उलटं धरलं. पुढे स्वतःची गिटार आली तरी हातांचं वळण तेच राहिलं आणि नव्वदीच्या घरात पोचल्यावरही ती तशीच उलटी गिटार मांडीवर घेऊन भरल्या सभागृहांत वाजवत होती.

यात एवढं काय, असं गिटार कधी हातात न घेतलेल्या माणसाला वाटेल. गिटारला सहा तारा. उजव्या हाताने वाजवणारा गिटार मांडीवर घेऊन बसला की सगळ्यात जाड तार वर, त्याच्या हनुवटीच्या बाजूला येते आणि सगळ्यात बारीक तार खाली, गुडघ्याकडे. उजवा अंगठा जाड तारांवर खर्जाचा ठेका धरून ठेवतो. पहिली दोन बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. सगळी पुस्तकं, सगळे धडे याच मांडणीवर बेतलेले. डावखुरे लोक बहुधा सहाही तारा उलट्या क्रमाने लावून घेतात, म्हणजे गिटार फिरवली तरी मांडणी तीच राहते. प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने तेच केलं होतं. एलिझाबेथने तारा होत्या तशाच ठेवल्या आणि नुसती गिटार फिरवली. त्यामुळे बारीक तारा वर आल्या, जाड खाली गेल्या. चाल अंगठ्याकडे आली आणि खर्जाचा ठेका तर्जनीकडे गेला. हातातलं सगळ्यात दमदार बोट चालीवर, आणि ठेका मात्र हलक्या बोटाने उचललेला. तिच्या वादनात सूर ठसठशीत उमटतो आणि खालचा ठेका कसा अलगद, उड्या मारत चालतो, त्याचं मूळ या उलटापालटीत आहे. गिटारवाल्यांनी या पद्धतीला पुढे तिचंच नाव दिलं, ‘कॉटन पिकिंग’.

तिचा जन्म ५ जानेवारी १८९३चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. माहेरचं आडनाव नेव्हिल्स. चॅपल हिल हे विद्यापीठाचं गाव, आणि त्याच्या पश्चिमेला रेल्वेचा फाटा जिथे संपायचा तिथे मजुरांची, गिरणी कामगारांची वस्ती वाढत होती. आज त्या वस्तीला कॅरबरो म्हणतात. हे नाव पडलं १९१३ साली, गिरणीमालक ज्युलियन कार याच्यावरून. त्याच वर्षी चॅपल हिलच्या विद्यापीठात एका पुतळ्याच्या अनावरणाचं भाषण करताना याच कारने, आपण एका काळ्या बाईला भर रस्त्यात चाबकाने कसं फोडून काढलं होतं, ते अभिमानाने सांगितलं होतं. एलिझाबेथ तेव्हा वीस वर्षांची होती. काळ्या माणसांनी त्या मुलखात कसं वागायचं, कुठे थांबायचं आणि किती शिकायचं, हे असल्या माणसांच्या मर्जीवर ठरत होतं.

पाच भावंडांत ती शेंडेफळ. घरात सगळे लाडाच्या नावांनी हाक मारायचे, धड नाव असं कुणी ठेवलेलंच नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी पटावर घालायला नाव विचारलं, तेव्हा पोरीने स्वतःच ‘एलिझाबेथ’ सांगून टाकलं. म्हातारपणी कार्यक्रमांत ती हा किस्सा रंगवून सांगायची. शाळा मात्र जेमतेम झाली. दहा-बारा वर्षांची होईतो ती गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक अशा कामाला लागली होती.

भाऊ कामावर गेला की बँजो खुंटीवरून खाली यायचा. तो कसा वाजवायचा ते दाखवणारं कुणी नव्हतं. भावाचे हात लांबून पाहिलेले आणि सूर कानात बसलेले, एवढंच भांडवल. एखादी तार तुटली की चोरी उघडी पडायची. मग भावाने घर सोडलं, बँजोही त्याच्याबरोबर गेला, आणि पोरीला करमेना.

गावातल्या दुकानात एक गिटार होती, ‘स्टेला’ छापाची. न्यू जर्सीतली ऑस्कर श्मिट कंपनी या गिटारी बनवायची. गरिबाला परवडतील अशा किमतीच्या, साध्या लाकडाच्या त्या गिटारी दक्षिणेत खेडोपाडी पोचल्या होत्या आणि नंतर ज्यांची नावं झाली अशा कित्येक ब्लूज गायकांच्या हाती पहिल्यांदा त्याच आल्या. किंमत पावणेचार डॉलर. एलिझाबेथला घरकामाचा पगार मिळायचा महिन्याला पाऊण डॉलर. पाच महिने झाडलोट, स्वयंपाक आणि दुसऱ्यांची पोरं सांभाळणं, आणि त्यातला एक सेंटही खर्च करायचा नाही, असा तो हिशोब होता. मालकिणीने पुढे पगार वाढवून महिन्याला एक डॉलर केला. गिटार घरी आली, आणि मग घरच्यांच्या झोपेचं खोबरं झालं. एकदा एखादी चाल डोक्यात शिरली की ती हातात येईपर्यंत पोरगी रात्र-रात्र थांबायची नाही.

अशा माणसाला आपण स्वयंशिक्षित म्हणतो आणि तो शून्यातून शिकला असं धरून चालतो. एलिझाबेथच्या बाबतीत तरी ते खरं नाही. तिच्या भोवती संगीत भरपूर होतं, फक्त ते शिकवणीच्या रूपात नव्हतं. चर्चमधली भजनं होती, भावंडांची बँजोची गाणी होती, नाचाच्या ठेक्यांवरचे रॅग होते. आणखीही एक गोष्ट होती, आणि ती जरा थांबून पाहण्यासारखी आहे. तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘व्हॅस्टोपोल’ आणि ‘स्पॅनिश फ्लँग डँग’ नावाच्या दोन धुना आहेत. नावं ऐकून एखाद्याला वाटेल, खेड्यातल्या बोलीतले काहीतरी शब्द असतील. मुळात हे ‘सेबॅस्टोपोल’ आणि ‘स्पॅनिश फँडँगो’. क्रिमियाच्या युद्धात १८५४-५५ साली सेबॅस्टोपोलला वेढा पडला होता. त्यावरून हेन्री वोरॉल नावाच्या एका गिटारशिक्षकाने दिवाणखान्यात वाजवण्यासाठी एक तुकडा रचला. १८६०च्या सुमारास हे दोन्ही तुकडे छापून विकले जाऊ लागले. गिऱ्हाईक म्हणजे सुखवस्तू घरांतल्या गोऱ्या मुली. दोन्हींसाठी गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावायच्या असतात, इतक्या की कुठलीही तार न दाबता नुसता हात फिरवला तरी गोड स्वरमेळ वाजावा. ही युक्ती सोपी, म्हणून ती झपाट्याने पसरली. कागद मागे राहिला, सूर पुढे गेले. हाताहातांतून, कानाकानांतून, नाव झिजत-झिजत ते अर्ध्या शतकात कॅरबरोच्या एका घरकाम करणाऱ्या पोरीपर्यंत आले, आणि तिने ते उलट्या गिटारवर बसवले. ब्लूजवाले आजही त्या तारा लावण्याच्या पद्धतीला ‘व्हेस्टापोल’ म्हणतात. सेबॅस्टोपोलचा वेढा त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात असेल, कोण जाणे.

‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं तिने रचलं ते याच सुमारास, अकरा-बारा वर्षांची असताना. घराजवळून रूळ जात होते. मालगाडीचा आवाज रात्री झोपेतही यायचा. गाणं गाडीचं आहे, पण त्यात मरणाचीही गोष्ट आहे: मी गेले की मला अमुक रस्त्याच्या टोकाला पुरा, म्हणजे गाडी जाताना मला ऐकू येईल, अशा अर्थाचं काहीतरी ती मुलगी सांगते. एवढ्या लहान पोरीने मरणाबद्दल लिहावं, याचं नंतर अनेकांना नवल वाटलं. पण शब्दांपेक्षा जास्त काम तिथे चाल करते. खर्जाचा तो एकसारखा दुडका ठेका ऐकताना रुळांचे सांधे ओलांडणारी चाकं कानात येतात, आणि त्यावरची चाल इतकी साधी की एकदा ऐकली तरी गुणगुणता येते. त्याच वयात रचलेलं दुसरं गाणं म्हणजे ‘ओ बेब, इट एंट नो लाय’. शेजारच्या एका बाईने खोटंच काहीतरी सांगितलं, आईने खरं मानून पोरीला शिक्षा केली, आणि अंथरुणात पडल्या-पडल्या तिने त्या बाईवर गाणं रचलं. चिडून केलेलं असलं तरी ते ऐकायला अगदी शांत आहे. राग आहे तो शब्दांत, चालीला त्याचा पत्ताही नाही.

इतकं सगळं बालपणात आलं आणि मग जवळजवळ सगळंच थांबलं. मोठी होत असताना ती चर्चमध्ये रुजू झाली. तिथल्या वडीलधाऱ्यांनी बजावलं की ही ऐहिक गाणी म्हणजे सैतानाचं काम, देव हवा असेल तर गिटार सोड. गिटार एकदम सुटली नाही, हळूहळू सुटली. १९१० साली फ्रँक कॉटनशी लग्न झालं, मुलगी झाली, लिली. पुढची कित्येक वर्षं चॅपल हिल, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशी कामाच्या मागे फिरण्यात गेली, आणि काम सगळीकडे एकच, दुसऱ्यांची घरं. चर्चमध्ये क्वचित एखादं भजन वाजवलं तर वाजवलं. लिलीचं लग्न झाल्यावर एलिझाबेथबाईंनी नवऱ्यापासून घटस्फोट घेतला आणि त्या वॉशिंग्टनमध्ये मुलीजवळ येऊन राहिल्या. वय पन्नाशीपार.

वॉशिंग्टनमध्ये लॅन्सबर्ग नावाचं मोठं दुकान होतं. १९४०च्या दशकात सणासुदीच्या गर्दीत त्या तिथे काम करत होत्या, बाहुल्यांच्या विभागात. एक लहान मुलगी आईपासून चुकली होती. बाईंनी तिला शोधून आईच्या हवाली केलं. आईने त्यांना घरी कामाला येण्याबद्दल विचारलं. ती आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर, आणि मुलगी पेगी.

आता हे घर कसलं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट नुसती योगायोगाची वाटते. रूथ क्रॉफर्ड सीगर या अमेरिकेतल्या आधुनिक संगीताच्या पहिल्या फळीतल्या रचनाकार. संगीतरचनेसाठी गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, १९३०मध्ये. १९३१ची त्यांची तंतुवाद्यांची चौकडी अजून वाजवली जाते. नवरा चार्ल्स सीगर मोठा संगीतशास्त्रज्ञ. सावत्र मुलगा पीट सीगर, गायक म्हणून ज्याचं नाव पुढे जगभर झालं. पण त्या वर्षांत रूथबाईंचा बराच वेळ जात होता तो वेगळ्याच कामात. दक्षिणेतल्या शेतमजुरांची, कैद्यांची, बायकांची गाणी जॉन आणि अॅलन लोमॅक्स या बापलेकांनी तबकड्यांवर टिपून आणली होती. त्या तबकड्या पुन्हा-पुन्हा ऐकून रूथबाई ती गाणी स्वरलिपीत उतरवत. एकेक ओळ शंभरदा ऐकायची, गाणारीने सूर नेमका किती खाली घेतला ते कागदावर कसं मांडायचं यासाठी डोकं खाजवायचं. सुईची खरखर त्या घरात दिवसभर चालायची. आणि स्वयंपाकघरात इस्त्री करत, भाकरी भाजत उभी असलेली बाई याच मुलखातली, याच पिढीतली, असलीच गाणी पाठ असलेली! दिवाणखान्यात जे कष्टाने उतरवून घेणं चाललं होतं ते चार पावलांवर जिवंत होतं, आणि बराच काळ दोन्हीकडच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

सीगर मंडळींच्या भिंतीवर गिटार टांगलेली असायची. घरात कुणी नसताना बाई ती काढून घेत. लहानपणी भावाच्या बँजोचं जे झालं तेच आता साठीच्या उंबरठ्यावर. एके दिवशी पेगी स्वयंपाकघरात आली आणि बघते तर काय, आपल्या घरची कामवाली उलटी गिटार धरून ‘फ्रेट ट्रेन’ वाजवते आहे. मग मुलांनी त्यांना सोडलं नाही. कामं आम्ही करतो, तू वाजव, असा सौदा ठरला. धाकट्या पेनीला ‘एलिझाबेथ’ म्हणता येईना, म्हणून तिने त्यांना ‘लिबा’ केलं, आणि पुढे जगाने तेच नाव उचललं. लिबाच्या हातांतून विसरलेल्या चाली एकेक करून परत आल्या. काही आल्या नाहीतही. इतक्या वर्षांत त्या निसटून गेल्या होत्या.

पेगी मोठी होऊन १९५६मध्ये लंडनला गेली. बरोबर लिबाकडून शिकलेली गाणीही गेली. त्या काळात ब्रिटनमध्ये ‘स्किफल’चं वेड पसरलं होतं. एखादी स्वस्तातली गिटार, कपडे घासायची पन्हळी फळी आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी-दोरी बांधून केलेलं खर्जवाद्य, एवढ्या सामानावर पोरं अमेरिकन लोकगीतं दणकून गायची. लिव्हरपूलच्या जॉन लेननने याच लाटेत शाळेतल्या मित्रांना घेऊन ‘क्वारीमेन’ काढलं, ज्यातून पुढे बीटल्स झाले. लाटेला गाणी हवी होती आणि ‘फ्रेट ट्रेन’ आयतं हाती आलं. चास मॅकडेविटच्या मंडळीने नॅन्सी व्हिस्की या गायिकेला घेऊन ते मुद्रित केलं आणि १९५७मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पाचव्या क्रमांकावर गेलं. तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून नावं होती पॉल जेम्स आणि फ्रेड विल्यम्स. लिबा कॉटन कुठेच नाही.

मॅकडेविटने त्या यशाच्या जोरावर लंडनच्या सोहो भागात एक कॉफीचं दुकान थाटलं. नाव ठेवलं ‘फ्रेट ट्रेन’. ज्या बाईच्या गाण्यावरून ते नाव आलं होतं, ती तेव्हा वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या घरी कपड्यांना इस्त्री करत होती.

हे घडू कसं शकलं? लोकसंगीताच्या धंद्यात तेव्हा सर्रास घडायचं. गाणं कुणाच्या तोंडून ऐकलं, पण ते कागदावर नाही, छापलेलं नाही, कुठे नोंदलेलं नाही, म्हणजे ते ‘परंपरेचं’. आणि परंपरेचं म्हणजे कुणाचंच नाही. मग जो पहिला जाऊन नोंदणी करील तो त्याचा कर्ता. लेखी खूण न ठेवता कानाने शिकणाऱ्या, कानाने रचणाऱ्या माणसांची सगळी कमाई या फटीतून गळून जायची. लिबाचं दैव इतकंच बरं की त्यांच्या बाजूने बोलायला सीगर घराणं होतं. गाणं कुणाकडून आलं, कधी आलं, हे पेगीच सांगू शकत होती. खटपटीनंतर हक्क लिबांकडे आले आणि गाण्यावर त्यांचं नाव लागलं. तरी जुन्या तबकड्यांवर, काही पुस्तकांत ती दुसरी नावं राहून गेलीच. एकदा छापलेलं खोडून काढणं फार अवघड असतं.

या भानगडीने एक काम मात्र झालं. लिबांची गाणी त्यांच्याच आवाजात टिपली पाहिजेत, हे पेगीचा भाऊ माईक सीगर याने मनावर घेतलं. तो टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागला. स्टुडिओ वगैरे काही नाही, घरातली खोली, आणि आजूबाजूला गप्प बसवलेली नातवंडं. १९५८मध्ये फोकवेज कंपनीने ती ध्वनिमुद्रिका काढली. मोझेस अॅशची ही कंपनी म्हणजे एक अजब प्रकरण होतं: खपो न खपो, एकदा काढलेली तबकडी यादीतून काढायची नाही, असा त्याचा हट्ट. खपाच्या हिशोबाने चालणाऱ्या कंपनीत पासष्ट वर्षांच्या बाईची, कुठे-कुठे चिरकणाऱ्या आवाजातली ही गाणी दोन वर्षांत बाद झाली असती. फोकवेजमुळे ती राहिली, आणि कंपनी १९८७मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेल्यावरही राहिली. आवाजाबद्दल खोटं कौतुक करण्यात अर्थ नाही. तो गोड म्हणावा असा नाही. बारीक आहे, वरच्या सुरावर डगमगतो. पण गिटार इतकी स्वच्छ आहे की माणूस आवाजाचं विसरतो.

१९६० साली पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात माईकबरोबर लिबा पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात बसल्या. सदुसष्टाव्या वर्षी पदार्पण. १९६४मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्या वाजवत होत्या. गोऱ्या मध्यमवर्गातली कॉलेजची पोरं तेव्हा जुन्या लोकगीतांच्या मागे लागली होती, आणि मिसिसिपी जॉन हर्टसारखे विस्मृतीत गेलेले म्हातारे वादक शोधून-शोधून मंचावर आणले जात होते. पीट सीगरच्या ‘रेनबो क्वेस्ट’ या दूरचित्रवाणी मालिकेत लिबा आल्या, तो कृष्णधवल भाग आजही बघायला मिळतो. ज्याला हात जवळून पाहायचे आहेत त्याने तो बघावा. उजव्या हाताची बोटं पट्टीवर, पण पडद्यांवर ती पडतात ती ओळखीच्या कुठल्याही आकारात नाहीत, कारण स्वरमेळांचे सगळे आकार डोक्यावर उभे आहेत. डावा अंगठा वरच्या बारीक तारांवर चाल टिपतो आहे, तर्जनी खालून जाड तारा वर उचलते आहे. बाकी हात जवळजवळ हलत नाही. चेहऱ्यावर कसलाही आविर्भाव नाही. घरात बसून शेंगा सोलाव्यात तितक्या निवांतपणे हे चाललेलं असतं.

नवी गाणी मात्र इतक्या उशिरा कोण रचतं? लिबांनी रचली. १९६७च्या ध्वनिमुद्रिकेचं नावच ‘शेक शुगरी’. रात्री झोपवताना त्यांनी पणतवंडांना एकेक कडवं करायला लावलं आणि त्यातून हे गाणं जुळत गेलं. प्रत्येक कडव्यात घरातली एखादी वस्तू गहाण पडलेली असते. वरवर मुलांचा खेळ, आणि आत हातातोंडाशी गाठ असलेल्या घराचा अख्खा हिशोब. मुद्रण करताना गायला बसवलं ते पणतीलाच, बारा वर्षांच्या ब्रेंडाला. पणजी नुसती गिटारवर. बाराव्या वर्षी गाणं रचणाऱ्या बाईने साठ वर्षांनी बारा वर्षांच्या पोरीचा आवाज वापरला, आणि तोच आवाज त्या गाण्याला बसला. लिबांचं सगळ्यात चांगलं काम कुठलं, असं विचारलं तर लोक डोळे मिटून ‘फ्रेट ट्रेन’ म्हणतात. ‘शेक शुगरी’ त्याच्या वरचं आहे. गायक बॉब डिलनने १९९०च्या दशकात आपल्या कार्यक्रमांत हे गाणं गायलं. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा जेरी गार्सिया १९८०च्या कार्यक्रमांत ‘ओ बेब’ गायचा.

अमेरिकेत लिबांची गोष्ट सांगतात ती बहुधा परीकथेच्या थाटात: हरवलेली मुलगी, दयाळू कुटुंब, भिंतीवरची गिटार आणि मग टाळ्या. घटना खऱ्याच आहेत. पण टाळ्या सुरू झाल्यावरही घरकाम लगेच सुटलं नव्हतं, मानधनाच्या पैशांवर घर चालण्याइतकं नाव व्हायला वेळ लागला, आणि मधली ती मुकी दशकं कुणी परत दिली नाहीत. सीगर मंडळींनी त्यांना शोधलं असं म्हणताना हेही म्हणायला हवं, की दिवाणखान्यात तबकड्या ऐकणाऱ्या त्या घराला घरबसल्या फार मोठा ठेवा मिळाला. माईक आणि पेगी दोघंही पुढे नामवंत वादक झाले. त्यांच्या हातांत लिबांचा वाटा मोठा आहे, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

१९७८मध्ये लिबा न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात राहायला गेल्या. तिथलं घर त्यांनी गिटारच्या कमाईतून घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत राबलेल्या बाईंचं हे घर, पंचाऐंशीव्या वर्षी. कार्यक्रम चालूच होते. हाती आता मार्टिन कंपनीची उंची गिटार होती, धरायची रीत तीच. मधेमधे गोष्टी सांगायच्या, श्रोत्यांना गायला लावायचं, कुणी गायलं नाही तर हटकायचं. १९८४मध्ये अमेरिकी सरकारच्या कला संस्थेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, आणि १९८५मध्ये ‘एलिझाबेथ कॉटन लाइव्ह!’ या आरहूली कंपनीच्या ध्वनिमुद्रिकेला पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी. २९ जून १९८७ला सिरॅक्यूजमध्येच त्या गेल्या. वय चौऱ्याण्णव.

२०२२मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने, रॉकच्या आधीच्या ज्या कलावंतांचा त्यावर ठसा उमटला त्यांच्या यादीत हॅरी बेलाफॉन्टेबरोबर लिबांचं नाव घातलं. लॉरा व्हीर्स या गायिकेने लहान मुलांसाठी त्यांच्यावर चित्रांचं पुस्तक लिहिलं आहे. कॅरबरोत रुळांच्या कडेने सायकलींसाठी एक रस्ता काढलेला आहे, त्याला लिबा कॉटन यांचं नाव आहे. गावाचं नाव मात्र अजून ज्युलियन कारचंच.

आणि बोटांनी गिटार वाजवायला शिकणाऱ्या मुलांना, कुठल्याही देशात, सुरुवातीलाच जी दोन-चार गाणी देतात त्यांत ‘फ्रेट ट्रेन’ ठरलेलं असतं. चाल सोपी, ठेका एकसारखा, चुकलं तर लगेच कळतं. इंटरनेटवर त्याचे धडे ढिगाने आहेत. बहुतेक धड्यांत अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात, म्हणजे लिबा वाजवायच्या त्याच्या बरोब्बर उलट. तसं वाजवलं की सूर सगळे जागेवर येतात, पण चाल जरा बारीक पडते आणि ठेका उगाच वजनदार होतो. काही हौशी उजवे वादक म्हणून मुद्दाम गिटार फिरवून बघतात. त्यांना पहिले काही आठवडे एक सूर धड लागत नाही.